आजी असताना पाळणाघर

"अहो, तुम्ही घरी असताना पाळणाघर कशाला?" हा प्रश्न मला लिफ्टमध्ये विचारला गेला, भाजीच्या गाडीपाशी विचारला गेला, आणि डोळ्यांच्या दवाखान्यात मी थेंब घालून मिटल्या डोळ्यांनी बसले होते तेव्हाही कुणीतरी विचारला. विचारणाऱ्या बहुतेक माझ्याच वयाच्या. त्यांच्या आवाजात माझ्या नातीबद्दल कळवळा असतो. माझ्या गुडघ्यांबद्दल नसतो.

नात दीड वर्षाची आहे. आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो आणि मुलगा-सून दोघंही हिंजवडीला नोकरीला. सकाळी साडेआठला निघतात. परत कधी यायचं ते वाटेतल्या चांदणी चौकातली गर्दी ठरवते. तेवढा वेळ मी बँकेच्या काउंटरवरही सलग काढला नाही, आणि तिथे निदान गिऱ्हाईक काउंटरवर चढून ड्रॉवरमधल्या गोळ्या खात नसे. संध्याकाळी दोन तास मी उत्तम आजी असते. ते दोन तास चांगले जावेत म्हणून दिवसभर दुसरं कुणीतरी असावं, एवढंच माझं म्हणणं.

सूनबाईंनी लॅपटॉपवर तक्ता केला. फी, अंतर, कॅमेरे, जेवण, किती मुलांमागे किती ताया. एक रकाना 'अभ्यासक्रम' असाही होता. दीड वर्षाच्या बाईंना कसला अभ्यासक्रम, असं मी विचारलं, तर मुलाने एका ठिकाणचं माहितीपत्रक पुढे केलं. त्यात पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतणे याला चार ओळींचं इंग्रजी नाव होतं. आमच्या न्हाणीघरात हा अभ्यासक्रम रोज फुकट चालतो.

मग आम्ही बघायला निघालो. एके ठिकाणी भिंतीवर जिराफ, फरशीवर गवत, आणि वीस-पंचवीस मुलं असूनही चिटपाखराचा आवाज नाही. मला ती शांतता आवडली नाही. एवढी मुलं जागी असताना कुणी रडत नाही, भांडत नाही, म्हणजे एक तर टीव्ही चालू असणार किंवा धाक. (टीव्ही होता.) दुसरीकडे "व्हिजिट फक्त अकरा ते बारा" अशी पाटी. मला दुपारी एकला जायचं होतं. तेव्हा जेवणं संपत आलेली असतात, पोरं पेंगुळलेली असतात आणि तायांची सहनशक्ती तळाला गेलेली असते. पाळणाघर बघायची ती खरी वेळ. अकरा वाजता काय, सगळीच पाळणाघरं चांगली असतात.

मी रंग, खेळणी बघितली नाहीत. पुसायची फडकी कुठे वाळत घातली आहेत ते बघितलं. जेवणाचं आणि शू पुसायचं फडकं शेजारी शेजारी दिसलं, की मी सुनेला डोळ्यांनी खूण करायची आणि आम्ही "कळवतो हं" म्हणून बाहेर पडायचो.

माझ्या वेळी बघायला जायचा प्रश्नच नव्हता. डोंबिवलीत आमच्या चाळीत टोकाच्या खोलीत एक मालवणी काकू राहायच्या. स्टेशनला जायच्या वाटेवर त्यांचं दार लागायचं, हीच त्यांची पात्रता. बाळंतपणाची रजा तेव्हा बारा आठवडे, १९६१ च्या कायद्याप्रमाणे. ती संपल्यावर मी मुलगा, दुपट्यांची पिशवी आणि दुधाची बाटली असं सगळं त्यांच्या हवाली केलं आणि लोकल पकडली. उशीर झाला तर दंड नव्हता. काकूंचा चेहरा होता, तो दंडापेक्षा महाग पडायचा. दोन वर्षांचा होऊन मुलगा घडाघडा बोलायला लागला तेव्हा पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाईंना त्याने दारातच विचारलं, "खंय चललंस?" आणि गुरगुट्या भात पुढे केल्यावर "माका नको, सुकट व्हयी" म्हणाला. सासूबाई त्या मुक्कामात फार बोलल्या नाहीत.

आता कायदा पुष्कळ सुधारला आहे. २०१७ च्या दुरुस्तीने रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे झाली, आणि ५० किंवा जास्त माणसं जिथे कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय करणं मालकावर आलं. आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा आहे. बापाने किती वेळा जावं याबद्दल त्यात अवाक्षर नाही, हे मुलाने जरा जास्तच खुशीत वाचून दाखवलं. सूनबाईंच्या ऑफिसातलं पाळणाघर खरोखर चांगलं आहे. पण तिथे जायचं तर दीड वर्षाच्या जिवाला रोज दोन वेळा चांदणी चौक ओलांडावा लागणार. तो रकाना सुनेने स्वतःच लाल केला.

फी ऐकून मी मात्र एक प्रश्न सगळीकडे विचारला: "यातले मुलांना उचलून घेणाऱ्या तायांना किती देता?" मुलगा "आई!" म्हणून पुटपुटायचा आणि व्यवस्थापक बाई पाण्याचा ग्लास जवळ ओढायच्या. पण नोकरीत आयुष्य गेल्यामुळे मला ठाऊक आहे, पगार धड नसला की माणूस टिकत नाही. आणि ताई दर दोन महिन्यांनी बदलली तर पोर कुणाच्या खांद्यावर झोपणार? एका ठिकाणी मी पगाराचं सोडून ताईलाच विचारलं, तुझं मूल कुठे असतं? "अंगणवाडीत," ती म्हणाली, "मग दुपारपासून शेजारणीकडे."

अंगणवाडी हे नाव अंगणातूनच आलं. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला गेल्या. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्या आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ बालवाडीच घेऊन पाड्यावरच्या अंगणांत जाऊन बसल्या. पुढे १९७५ पासून सरकारी अंगणवाड्या देशभर निघाल्या. पण अंगणवाडी दुपारी मिटते आणि या ताईची ड्यूटी संध्याकाळी सातला संपते. आमच्या मुलीला सांभाळणारी स्वतःची मुलगी शेजारणीवर टाकून येते, आणि त्या शेजारणीची फी कुणाच्याच तक्त्यात नाही. मी चाळीतल्या काकूंना महिन्याला काय द्यायची, ते आठवून मला तिथे फार उपदेश करवेना. सूनबाईंनी घरी येऊन तक्त्यात नवा रकाना घातला: 'ताया किती वर्षं आहेत.' बाकीचे रकाने त्यानंतर आपोआप बिनमहत्त्वाचे झाले.

त्या रकान्यात जिंकलं ते दोन गल्ल्या सोडून, तळमजल्यावरच्या एका फ्लॅटमधलं पाळणाघर. जिराफ नाही. चालवणाऱ्या काकू जुन्या बालवाडी शिक्षिका, आणि दोन्ही ताया इतक्या जुन्या की काकूंनाच कामं सांगतात. आम्ही दुपारी एकला न कळवता गेलो तर काकू म्हणाल्या, "या, पण चपला बाहेर आणि आवाज हळू." एक मुलगा मोठ्याने रडत होता, आणि ताई त्याला कडेवर घेऊन एका हाताने दुसऱ्याला वरणभात भरवत होती.

मग प्रश्न विचारायची पाळी काकूंची आली. "जेवताना मोबाईल लागतो?" मुलगा म्हणाला, "कधीच नाही." सून म्हणाली, "कधीतरी." मी गप्प बसले. नातीने काकूंच्या टेबलावरचा मोबाईल उचलून तोंड उघडलं. काकूंनी फॉर्मवर काहीतरी लिहिलं, काय ते दाखवलं नाही.

शेवटी मुलीला न्यायला कोण येणार त्यांची नावं. प्रत्येकाचा फोटो आणि आधार कार्ड हवं.

"आजीचंसुद्धा?" सून हसली.

"आजीचं आधी. सगळ्यात जास्त वेळा त्याच येतात."

माझं या जागेबद्दलचं मत तिथेच पक्कं झालं. मी पर्समधून कार्ड काढून ऐटीत पुढे ठेवलं. काकूंनी चष्मा लावला, फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे बघितलं आणि कार्ड परत केलं.

"उद्या दुसरं काहीतरी आणा," त्या म्हणाल्या. "यावर मी तुम्हाला मूल देणार नाही."