खड्डा आमचा, पवनचक्की तुमची

पवनचक्की कंपनीच्या प्रकल्प व्यवस्थापकांना खुले पत्र

साहेब,

तुमच्या करारात सगळं आमचं आहे. पाऊस आमचा, काळ्या रानातला चिखल आमचा, रुतलेली क्रेन आमची, शेतकऱ्याच्या शिव्याही आमच्याच. तुम्ही स्वतःकडे ठेवलंय ते पवनचक्की आणि दंड लावायचा अधिकार.

वाशी-भूमच्या माळावर पवनचक्कीच्या एका पायात शेकडो घनमीटर काँक्रीट जातं. ते एका दमात ओतावं लागतं. मध्ये थांबलं की जुन्या-नव्या थरात सांधा पडतो आणि पाया तिथंच कच्चा राहतो. तुमच्या इंजिनिअरला हे ठाऊक आहे. तरीही मिक्सरच्या गाड्या रांगेत लागल्यावर तो सळई तपासायला उगवतो, आणि त्याच्या मागून सुधारित ड्रॉइंग येतं. बांधलेली सळई सोडा, पुन्हा बांधा. या दुसऱ्या बांधणीचे पैसे मागितले की उत्तर येतं, ‘ते रेटमध्ये धरलंय.’ कुठल्या रेटमध्ये? तुमच्या ड्रॉइंगमधली चूक आम्ही टेंडर भरतानाच ओळखायची होती का?

एप्रिल-मेमध्ये इथं पारा 40 अंश ओलांडतो. दिवसा काँक्रीट लवकर आवळतं, म्हणून ते रात्री ओतायचं. पोरं रात्रभर व्हायब्रेटर धरून उभी असतात आणि सकाळी तुमचा सेफ्टीवाला बैठकीला कोण नव्हतं याची यादी करून दंड लावतो. रात्री तो कुठं होता, हे विचारायची सोय नाही.

मग पाणी. आयएस 456 सांगतं, कोरड्या-उष्ण हवेत किमान 10 दिवस काँक्रीट ओलं ठेवा. करारात तुमची एकच ओळ: पाणी कंत्राटदाराने आणावे. ज्या गावात बायका घागरी मांडून टँकरची वाट बघतात, त्याच गावातून सिमेंटला पाजायचं पाणी आणायला तुम्ही आम्हाला पाठवता. गाव आमचा टँकर अडवतं, आणि गावाचं काही चुकत नाही. तुमची गाडी मात्र काचा वर करून निघून जाते.

पवनचक्कीपर्यंतच्या रस्त्याची जमीन मिळवून देणं तुमचं काम. वाट अडली की पोकलेन आणि टोळी बसून. बसल्या दिवसांची हाजरी आम्ही देतो, द्यावीच लागते. वर उशिराचा दंड आमच्याच बिलातून कापता. आणि हा उशीर भरून काढायला काँक्रीटच्या क्यूबच्या ताकदीचा निकाल हातात येण्याआधी टॉवरची क्रेन बोलावता! 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात याच जिल्ह्यातलं सास्तूर गाव भुईसपाट झालं. कच्चं बांधकाम काय करतं, हे इथल्या गवंड्याला तुम्ही शिकवू नका. तो ‘थांबा’ म्हणाला तर थांबा.

बिलाचं तर बोलायलाच नको, पण बोलतो. संयुक्त मोजणी होते, सही होत नाही. सही झालीच तर रिटेन्शन कापलं जातं, आणि उरलेलं मुख्य कंत्राटदाराकडे अडकतं. 2006 चा लघुउद्योगांचा कायदा जास्तीत जास्त 45 दिवस देतो, याची आठवण दिली तर तुमचे वकील मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल पुढे करतात: वर्क्स कॉन्ट्रॅक्टला तो कायदा लागू नाही. निकाल एका दिवसात सापडला. आमचं बिल तुमच्या टेबलावर असून सापडत नाही. मजुरांची मजुरी कंत्राटदाराने थकवली तर ती मूळ मालकाने द्यायची, हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने सांगितलं आणि नव्या कामगार संहितेतही ते कायम आहे. ते कलमही तुमच्या वकिलांकडून वाचून घ्या. टोळीतली माणसं उचल फेडायला इथं आली आहेत. पैसे अडले की सावकार त्यांच्या दारात जातो, तुमच्या नाही.

तर झालेल्या पायांच्या मोजणीवर सही करा. दुसऱ्यांदा बांधलेल्या सळईचे पैसे द्या. आणि पुढच्या पायाचं ड्रॉइंग अंतिम शिक्क्यासह पाठवा. तो शिक्का दिसेपर्यंत आमची टोळी एकही सळई बांधणार नाही.

वाशी तालुक्यातला एक पोटठेकेदार