नावाची गोष्ट

दसऱ्यानंतरचा रविवार. मी मेथीची गड्डी घेऊन मागच्या पायरीवर बसले होते. कंपाउंडच्या भिंतीपलीकडे काकू दारावरची पितळी पाटी काढून चिंचेने घासत होत्या. दिवाळीची साफसफाई त्यांच्याकडे या पाटीपासून सुरू होते. हात पाटीवर आणि नजर रस्त्यापलीकडच्या बंगल्यावर.

"पाहिलीस का?" काकूंनी हनुवटीने खूण केली.

न पाहून सांगते कुणाला! दसऱ्यालाच गाडी आली होती. काळी, लांबलचक. पुढच्या चांदणीवर झेंडूचा हार अजून तसाच, सुकून चॉकलेटी झालेला.

"मर्सिडीज," मी म्हटलं.

"नाव माहितीये. पण नाव कुणाचं, ते माहितीये?" काकू भिंतीला टेकल्या. मी मेथीचं ताट मांडीवरून खाली ठेवलं. काकू भिंतीला टेकल्या म्हणजे अर्धा तास गेला.

काकूंची लेक स्टुटगार्टला असते. तिच्या बाळंतपणाला काकू सहा महिने राहून आल्या. तिथल्या मर्सिडीजच्या कारखान्याशेजारचं गाड्यांचं म्युझियम त्यांनी तीनदा पाहिलं. जावयाने एकदा हौसेने दाखवलं, पुढच्या दोन्ही वेळा पाऊस होता म्हणून. तेव्हापासून त्या कंपनीतली दीडशे वर्षांपूर्वीची माणसं त्यांना आपल्याच गल्लीतली वाटतात.

"त्या बेंझचं सांगते. कार्ल बेंझ. मॅनहाइम गावचा. डोकं सोन्याचं, पण व्यवहाराच्या नावाने पूज्य. धंद्यात भागीदार मिळाला तो बेभरवशाचा. त्याला बाजूला करायला पैसे कुठून आणले असतील?"

"कुठून?"

"होणाऱ्या बायकोच्या हुंड्यातून! बेर्था तिचं नाव. लग्न १८७२ सालचं, आणि हुंडा त्याच्या आधीच कारखान्यात गेला. म्हणजे नवरा घरात यायच्या आधी पैसे गेले."

"तिला कळत होतं ना?"

"तिनेच दिले गं. विश्वास होता तिचा. पुढे १८८६ च्या जानेवारीत याने पेटंटसाठी अर्ज केला. तीन चाकांची गाडी, इंजिन एक घोडाशक्तीसुद्धा नाही, पाऊण! पण घोडा न जुंपता चालायची. लोक बघायचे, हसायचे, विकत मात्र कुणी घेईना. आणि हा आपला खोलीत बसून स्क्रू पिळतोय. अजून थोडी सुधारणा, अजून थोडी सुधारणा. असतात बघ अशी माणसं."

ओट्यावरच्या झोपाळ्याची कडी करकरली. काका पेपर वाचत होते, म्हणजे ऐकत होते.

"मग १८८८ चा ऑगस्ट. मुलांना सुट्टी. हिने काय केलं, पहाटे दोन्ही मोठ्या मुलांना उठवलं. एक पंधरा वर्षांचा, दुसरा त्याहून लहान. नवरा झोपलेला. आवाज होऊ नये म्हणून गाडी म्हणे अंगणातून ढकलत लांब नेली आणि मग चालू केली. आणि चालली माहेरी! फोर्त्सहाइमला. शंभरच्या वर किलोमीटर."

"नवऱ्याला न सांगता?"

"विचारलं असतं तर म्हणाला असता, अजून थोडी सुधारणा बाकी आहे." काकूंनी पाटी उलटी करून चिंचेचा नवा गोळा घेतला. "वाटेत पेट्रोल संपलं. पंप कुठला? वीस्लोख नावाच्या गावात औषधाच्या दुकानात गेली. डाग काढायला वापरतात तसलं एक द्रव्य मिळायचं तिथे, त्यावर गाडी चालायची. दुकानातलं होतं नव्हतं ते घेतलं. आज ते दुकान जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून मिरवतंय. पुढे नळी तुंबली, ती हिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. एक वायर उघडी पडली, तिला पायमोजा बांधायचा पट्टा गुंडाळला. चढ आला की मुलं उतरून ढकलायची. उतारावर ब्रेकचं लाकूड झिजलं, तर चांभाराला गाठून त्यावर चामडं ठोकून घेतलं."

"म्हणजे ब्रेक लायनिंग," झोपाळ्यावरून आवाज आला.

"बघ, उठले इंजिनिअर," काकू मला म्हणाल्या. "संध्याकाळी आईकडे पोचली आणि नवऱ्याला तार केली, सुखरूप आहोत म्हणून. काही दिवसांनी परत त्याच गाडीने घरी. आणि आल्यावर सांगितलं, चढाला तुझी गाडी दम टाकते, आणखी एक गिअर घाल. त्याने घातला."

"पेटंट कुणाच्या नावाने?" मी विचारलं.

"त्याच्या." काकूंनी पाटीवर पाणी ओतलं.

काका आता पेपर गुंडाळून भिंतीशी आले. पस्तीस वर्षं टाटांच्या टेल्कोत, पिंपरीला. ट्रकचा विषय निघाला नाही तर त्यांना जेवण जात नाही. "ती अर्धी गोष्ट झाली. दुसरा अर्धा डाइम्लर. त्याचं सांगा."

"सांगतेय ना! हा कानश्टाटचा. तेही आता स्टुटगार्टातच आलं. बंगल्याच्या बागेत काचेचं घर होतं झाडांसाठी, त्यातच याने कारखाना थाटला. सोबतीला मायबाख नावाचा जोडीदार. दोघं दिवसरात्र आत, दार बंद, आणि आतून ठोकठोक. घरातल्यांनाही पत्ता नाही. आता सांग, शेजारीपाजारी काय म्हणतील?"

"खोट्या नोटा!"

"अगदी! नाणी पाडताहेत, असा संशय माळ्याला आला. त्याने पोलिसांना सांगितलं. पोलिसांनी येऊन झडती घेतली, तर आत नुसती इंजिनं. मी पाहून आलेय ते काचघर. एवढंसं आहे. मी जावयाला म्हटलं, माळ्याची काय चूक? मी असते तर मीही सांगितलं असतं."

"ते नको सांगायला," काका म्हणाले. "आणि गंमत बघा वहिनी, डाइम्लर आणि बेंझ, दोघांच्या गावांत शंभरएक किलोमीटरचं अंतर. एकाच काळात एकच वेड. पण दोघं एकमेकांना कधी भेटले नाहीत म्हणतात. डाइम्लर १९०० साली गेला. दोन कंपन्यांचं लग्न लागलं १९२६ मध्ये, तेही पहिल्या महायुद्धानंतर दोन्ही घरांची परिस्थिती ओढगस्तीची झाली म्हणून."

"पण मर्सिडीज कुठून आली मग?" मी मेथीचं देठ मोडत विचारलं.

काकू याच प्रश्नाची वाट पाहत होत्या. आवाज खाली आला. "कारखान्यातली नव्हेच ती. गिऱ्हाइकाची मुलगी! येलिनेक नावाचा एक बडा व्यापारी, फ्रान्सच्या नीस शहरात राहायचा. वेगाचा नाद. शर्यतीत लेकीच्या नावाने उतरायचा, 'मस्यू मर्सेदेस' म्हणून. १९०० मध्ये डाइम्लरच्या कंपनीला म्हणाला, एकदम छत्तीस गाड्या घेतो, साडेपाच लाख मार्क मोजतो, पण गाडी नवी बनवा, बुटकी, रुंद, जोरदार. आणि नाव माझ्या मुलीचं. मायबाखने गाडी काढली, १९०१ मध्ये नीसच्या शर्यती मारल्या, आणि सगळ्या युरोपात एकच नाव झालं. १९०२ मध्ये कंपनीने ते रीतसर नोंदवलं. पोरगी तेव्हा बारा-तेरा वर्षांची. बापाने तर पुढे स्वतःचंच आडनाव बदलून येलिनेक-मर्सिडीज केलं. आपल्याकडे मुलगी बापाचं नाव लावते. इथे बापाने मुलीचं लावलं!"

"भाग्यवान गं पोरगी."

"कसली भाग्यवान. दोन लग्नं झाली, दोन्ही टिकली नाहीत. चाळिशीही गाठली नाही, १९२९ मध्ये व्हिएन्नात गेली. गाडीला नाव मिळालं, तिला काय मिळालं?"

काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि खरी गोष्ट तर पुढेच आहे. तिचे आजोबा कोण? व्हिएन्नाचे नावाजलेले रब्बी. ज्यू धर्मगुरू. आणि पुढे तो हिटलर कशात उभा राहून हात वर करत फिरायचा? मर्सिडीजमध्ये. ज्यांचा वंश संपवायला निघाला, त्यांच्याच नातीच्या नावाच्या गाडीत."

मेथी माझ्या हातातच राहिली.

"त्या म्युझियममध्ये हे लिहिलंय का हो?" मी काकांना विचारलं.

"युद्धाचा काळ दाखवलाय. लपवलेला नाही." काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "कंपनीच आता सांगते, १९४४ च्या अखेरीस ६३ हजारांवर कामगार होते, त्यातले जवळजवळ निम्मे वेठीचे. कैदी, पकडून आणलेले, छळछावणीतले. मी पस्तीस वर्षं शॉप फ्लोअरवर काढली वहिनी. पाळी संपली की भोंगा व्हायचा आणि आम्ही डबा उचलून घरी यायचो. ज्यांना घरी जाता येत नव्हतं त्यांनी फिरवलेले नट त्या गाड्यांत आहेत. चांदणी कितीही घासा, ते जाणार नाही."

कुणीच काही बोललं नाही. समोरच्या गाडीवर एक मांजर चढलं, काचेवरून घसरलं आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने निघून गेलं.

"पण काम चांगलं करतात हे खरं ना?" मी विषय हलवला.

"प्रश्नच नाही!" काकांना हुरूप आला. "अपघातात गाडीचं नाक आणि शेपूट चेपलं पाहिजे, म्हणजे मधल्या माणसाला धक्का कमी, हे डोकं त्यांच्याच बारेनी नावाच्या इंजिनिअरचं. १९५९ पासून तशा गाड्या निघाल्या. आज सगळेच तसं करतात. गाडी मोडली तर मोडू दे, माणूस नको. आणि टिकाऊपणा म्हणाल तर त्या म्युझियममध्ये ग्रीसच्या एका टॅक्सीवाल्याची १९७६ ची डिझेल गाडी उभी आहे. ४६ लाख किलोमीटर!"

"पण पडलेही आहेत हो," काकू म्हणाल्या. त्यांना एकतर्फी कौतुक पचत नाही. "१९९७ मध्ये छोटी गाडी काढली. स्वीडनच्या पत्रकारांनी, रस्त्यात मोठं हरीण आडवं आलं तर कसं वळवाल, तशी वळवून पाहिली. ती उलटलीच! सगळ्या युरोपात हसं झालं."

"आणि मग विक्री थांबवून, दिलेल्या गाड्याही परत बोलावून, घसरण सांभाळणारी यंत्रणा सगळ्यांना बसवून दिली. तेही सांगा."

"सांगते. मग त्या अमेरिकन क्रायस्लरशी केलेलं लग्नही सांगते. १९९८ मध्ये म्हणाले बरोबरीची सोयरीक, २००७ मध्ये काडीमोड. आणि डिझेलच्या धुराचं प्रकरण? अमेरिकेच्या सरकारने आरोप ठेवला, २०२० मध्ये दीड अब्ज डॉलरच्या घरात तडजोड केली. मोठ्या घरांच्या भिंती उंच असतात, म्हणून आवाज येत नाही, एवढंच."

"आपल्या ट्रकचं राहिलं," काका म्हणालेच. "१९५४ मध्ये टाटांनी त्यांच्याशी पंधरा वर्षांचा करार केला. जमशेदपूरला ट्रक बनायचे, नाकावर हीच चांदणी. १९६९ मध्ये करार संपला, चांदणी उतरली, टाटांचं नाव चढलं. पण जुने ड्रायव्हर पुढे कितीतरी वर्षं मर्सिडीजच म्हणायचे. तेव्हा मर्सिडीज म्हणजे मालधक्क्यावरची गाडी, श्रीमंताची नव्हे. श्रीमंतांची आली १९९५ मध्ये, तीही इथे पिंपरीत आमच्याच आवारात जोडली जायची. मग चाकणला त्यांनी स्वतःचा कारखाना काढला, २००९ मध्ये. समोरची ती बहुतेक चाकणचीच. जर्मन म्हणून मिरवतोय, पण आहे आपल्या तालुक्यापलीकडची."

"आणि आता कंपनीचं नाव काय आहे, माहितीये?" काकूंनी शेवटचा पत्ता टाकला. "२०२२ पासून नुसतं मर्सिडीज-बेंझ. डाइम्लरचं नाव काढलं! त्याच्या नावाने आता वेगळी ट्रकची कंपनी आहे. ज्याने बागेत बसून इंजिन घडवलं त्याच्या वाट्याला ट्रक, आणि जिने कधी पान्हा हातात धरला नाही तिचं नाव सगळ्यांत पुढे."

"ट्रकला काय झालं?" काका दुखावले.

"काही नाही झालं. मी आपलं नावाचं बोलतेय. बेर्था ९५ वर्षं जगली. पैसे तिचे, धाडस तिचं. बेंझ हे नाव तिचंही होतं म्हणा, लग्नानंतरचं. पण बेंझ म्हटल्यावर डोळ्यांसमोर मिशीवालाच येतो ना?"

काकूंनी पाटी कोरड्या फडक्याने पुसून उन्हात धरली. पितळ लखलखलं. त्यावर काकांचं नाव, त्याखाली डिप्लोमा, त्याखाली टेल्को. हा प्लॉट घेताना पहिला हप्ता काकूंच्या पाटल्या मोडून भरला होता, हे मला काकांनीच कधीतरी सांगितलं होतं.

मी पाटीकडे पाहिलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग पाटीकडे.

"स्क्रू ड्रायव्हर आणतो," म्हणून ते आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

"काय झालं यांना?" काकू म्हणाल्या. "पाटी तर मीच लावते दरवर्षी." आणि पदराने कोपऱ्यातला एक डाग पुन्हा पुसू लागल्या.