बोक्याची सोयरीक

मांजरांचा मध्यस्थ धाराशिव जिल्ह्यात शक्यतो तालुक्याच्या गावी आढळतो. वय पन्नाशीपुढचे. पेशाने तो निवृत्त शिक्षक, ग्रामसेवक नाही तर कंपाउंडर असतो. हातात झाकणाची प्लास्टिकची बास्केट, झाकण सुतळीने बांधलेले, आणि मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे. लोकांना नकोसे झालेल्या मांजराला दुसरे घर पाहून देणे हे त्याचे काम. ते त्याच्यावर कुणी सोपवलेले नसते आणि एकदा अंगावर आले की सुटतही नाही. पुण्या-मुंबईत मांजरांसाठी निवारे असतात. तिथे अर्ज भरून घेतात, मांजराचा फोटो काढतात. इथे निवारा म्हणजे या माणसाची मागची पडवी आणि अर्ज म्हणजे पहाटे पायरीवर सापडलेले बिस्किटांचे खोके. खोक्यातून आवाज येत असतो आणि खोके ठेवणारा गल्लीच्या टोकाला वळलेला असतो.

या मध्यस्थाचा पूर्वज म्हणजे पोतेवाला. बोक्याने दुधाचे पातेले तिसऱ्यांदा उलथवले की त्याला पोत्यात घालायचे, रस्ता कळू नये म्हणून पोते दोन-चारदा गरगर फिरवायचे आणि मोटारसायकलवरून दुसऱ्या गावाच्या हद्दीत मोकळे करायचे, ही त्याची पद्धत. जीव घेण्याची सोय नव्हतीच. मांजर मारले तर सोन्याचे मांजर करून काशीला दान द्यावे लागते, असे जुनी माणसे सांगत. सोन्याचा भाव पाहता सोडून येणे केव्हाही परवडे. धाराशिवचा बोका तुळजापूरच्या वेशीवर आणि तुळजापूरचा धाराशिवच्या, अशी देवघेव वर्षानुवर्षे चालली. दोन्ही गावांतले बोके तेवढेच राहिले, पोती तेवढी कमी झाली. उपाशी-तहानेले मरेल अशा ठिकाणी जनावर सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पोत्याची किंमत आणि पेट्रोलचा खर्च याहून जास्त होतो, त्यामुळे पोतेवाल्याला कायद्याने नाही तर फक्त महागाईने आवरले.

मांजर नकोसे का होते, याची जी कारणे मध्यस्थाला सांगितली जातात ती ठरलेली असतात. सुनेला दिवस गेलेत. नवा सोफा घेतलाय. बदली झालीय. घरमालक कुरकुर करतोय. यांतले एकही खोटे नसते आणि एकही खरे कारण नसते. खरे कारण बास्केट हातात देऊन झाल्यावर, चप्पल घालता घालता बाहेर येते. “तसं लई गुणाचं हाय बगा, सर. नुसतं... चावतंय जरासं.” या ‘जरासं’चा अर्थ मध्यस्थाला अनुभवाने कळतो आणि तो आधी टीटीच्या इंजेक्शनची तारीख आठवून पाहतो. मांजर चावल्यावर टीटीवर भागत नाही, जखम साबणाने धुऊन रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठावा लागतो, हे त्याला ठाऊक असते. बास्केट देणाऱ्याला ते ठाऊक नसते.

अलीकडे एक नवाच प्रकार वाढला आहे, तो म्हणजे पुण्याहून आलेले मांजर. मुलगा हिंजवडीला नोकरीला असतो, मित्रांच्या नादाने पर्शियन पिल्लू घेतो, त्याचे नाव ऑस्कर ठेवतो. वर्षभरात सोसायटीची तक्रार येते किंवा कंपनी मुलाला परदेशी पाठवते. मग ऑस्कर ट्रॅव्हल्सने कळंबला आईवडिलांकडे येतो. वडिलांच्या तोंडी तो दुसऱ्या दिवसापासून आस्कऱ्या होतो. पार्‍याने चाळिशी ओलांडलेल्या मे महिन्यात बोटभर लांबीची लोकर अंगावर वागवणारे हे जनावर कूलरसमोर पसरून राहते, ज्वारीची भाकरी हुंगून मागे सरते आणि केसांच्या गाठी सोडवायला गेलेल्या आईला ओरबाडते. आई म्हणते, “ह्याला माज आलाय.” मध्यस्थ पाहतो तेव्हा काखेतल्या गाठींखाली कातडी लाल झालेली असते. दुखऱ्या जागी हात लावला म्हणून ओरबाडणारा माणूस असता तर त्याला कुणी माजोरी म्हटले नसते.

मध्यस्थ नवशिका आहे की मुरलेला, हे मांजराची ‘खोड’ ऐकून तो काय करतो यावर ठरते. नवशिका खोड लपवायच्या मागे लागतो, मुरलेला तिचे मूळ शोधतो. घरभर पिचकाऱ्या मारणारा बोका खोडकर नसतो, तो आपली हद्द आखत असतो. नसबंदी केली की बहुतेक बोके हे काम सोडून देतात. हात दिसला की झेप घेणारे मांजर पिलूपणी बोटे नाचवून खेळवलेले असते, किंवा आई आणि भावंडांपासून फार लवकर तोडलेले. किती जोरात चावायचे हे पिल्लू भावंडांशी मारामाऱ्या करून शिकते आणि माणसाची सवय त्याला साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात लागते. हा काळ ज्याने गोदामात, माणसाविना काढला त्याला पुढे मांडीवर बसायला सांगणे म्हणजे जबरदस्ती. कोपऱ्यात मुतणाऱ्याचे मूळ कधी कधी पोटात असते. मुतायला बसतो, ओरडतो आणि थेंब येत नाही, असा बोका दिसला तर मध्यस्थ सोयरीक बाजूला ठेवून सरळ पशुवैद्यकीय दवाखान्याकडे धावतो, कारण मूत्रमार्ग तुंबलेला बोका दोन-तीन दिवसांत दगावतो. दवाखान्यात रांग उस्मानाबादी शेळ्यांची असते. जिल्ह्याचे नाव बदलले तरी शेळीचे बदललेले नाही आणि रांगेतला तिचा मानही तसाच आहे. दिवसभर म्हशींना न घाबरलेला डॉक्टर बास्केट पाहून हातमोजे मागतो.

काही खोडी तर मांजराच्या नसून घराच्या असतात. जुन्या माळवदी वाड्यात मांजराला माळवदावरून ये-जा होती, बळदाभोवती उंदीर होते, शेजारच्या चार घरांत खाते होते. दूध शिंक्यावर टांगलेले असे आणि ते टांगलेले असल्यामुळे मांजर प्रामाणिक राही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर आजच्या लोहारा तालुक्यातल्या सास्तूरपासून उमरग्याच्या गावांपर्यंत दगडमातीची घरे गेली आणि सिमेंटची आली. पुढे सगळीकडेच स्लॅब पडले, खिडक्यांना जाळ्या लागल्या. आता मांजराची अख्खी हद्द म्हणजे हॉल आणि किचन. नखे घासायला बाभळीचे खोड होते तिथे सोफ्याचा हात आला, मोकळ्या परसाच्या जागी बेडरूमचा कोपरा आला. रेती किंवा चाळलेली राख घातलेली एक परात कोपऱ्यात ठेवली तर निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात, पण ही परात सुचवणाऱ्या मध्यस्थाकडे यजमान असे पाहतात की जणू त्याने त्यांच्या देवघराची जागा मागितली आहे.

यानंतर स्थळ पाहणे येते, आणि इथे लग्नाच्या मध्यस्थाची सगळी विद्या कामाला लागते. नवशिका सांगतो, “शांत हाय, एका जागी बसून असतंय.” मांजर कपाटामागून तीन दिवस निघालेले नाही, याचे ते भाषांतर असते. अशी सोयरीक आठवड्यात मोडते आणि परत आलेले मांजर पहिल्याहून जास्त बिथरलेले असते. मुरलेला मध्यस्थ आधी दुर्गुण सांगतो, तेही वाढवून. “चावतो. मांडीवर बसत नाही. लेकरं असली तर मी देत नाही.” आणि मग, चहा संपत आल्यावर हळूच, “पण उंदीर असा मारतो की घुशीसुद्धा वाट बदलतात.” कळंबच्या बाजारात सोयाबीन आणि तुरीच्या पोत्यांवर जीव टांगलेला आडत्या हे ऐकून पुढे सरकतो. त्याला मांडीवर बसणारे मांजर नकोच असते. फ्लॅटमध्ये रानटी ठरलेला बोका आडतीवर कर्तबगार ठरतो. शेतातला आखाडा, कडब्याची गंज, गोठा, इथेही असेच. भूम-परंड्याकडच्या खव्याच्या भट्टीवर मात्र जाणता मध्यस्थ बोका देत नाही. दुधाच्या कढईशेजारी बोक्याचे चारित्र्य टिकत नाही. शिवाय मोठ्या मांजराला दूध पचतेच असे नाही, आणि मग जे होते त्याला पुन्हा खोड म्हणतात. भित्र्या, मुक्या मांजरासाठी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईचे घर उत्तम, कारण तिथे आवाज नसतो आणि जेवणाची वेळ चुकत नाही. धाराशिवात ख्वाजा शमसुद्दीन गाझींच्या दर्ग्याकडच्या मोहल्ल्यात मध्यस्थाला फार बोलावे लागत नाही. मांजराला हिडीसफिडीस करू नये हे तिथे लहानपणापासून शिकवलेले असते.

ठरल्यावर खरी पंचाईत सुरू होते. मांजर माणसाआधी जागेला धरते, म्हणून पहिल्याच दिवशी मोकळे सोडले तर ते जुन्या घराच्या दिशेने चालू लागते आणि वाटेत महामार्ग असतो. त्याला दोन-तीन आठवडे एका खोलीत ठेवायचे, जुन्या घरातले फडके सोबत द्यायचे, ठरल्या वेळी खायला द्यायचे आणि आपण होऊन जवळ येईपर्यंत हात लावायचा नाही. “कोंडून ठेवायचं? पाप नाही का लागणार?” असे विचारणारी माणसे तीच असतात, ज्यांना पोत्यात काही पाप दिसले नव्हते. मध्यस्थ दर दोन दिवसांनी फोन करतो. फोन उचलला गेला नाही की तो समजतो, बोका पळाला. फोन आला की समजतो, बोका चावला.

मानधन नाही. लग्नाच्या मध्यस्थाला निदान टोपी-टॉवेल मिळतो. याला जमलेल्या सोयरिकीची वार्तासुद्धा मिळत नाही, मोडलेली मात्र दारात परत येते. ज्यांना कुठेच स्थळ मिळत नाही ती मांजरे त्याच्याच पडवीत राहतात. एक आंधळे, एक तीन पायांचे आणि एक असे, की ज्याच्यात काहीच खोट नसते पण मध्यस्थानेच प्रत्येक स्थळात खोट काढलेली असते. घरची बाई याबद्दल काही बोलत नाही. ती सकाळी त्यांची ताटली आधी भरते आणि मग चहाला आधण ठेवते.

मांजरीचे गाभणपण नऊ आठवड्यांचे असते आणि वर्षातून दोन-तीन वेते होऊ शकतात. म्हणजे एका मध्यस्थाने जमवलेल्या सोयरिकी गल्लीतली एक मांजरीण सहज पुसून टाकते. तेव्हा ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी आधी त्याची नसबंदी करून घ्यावी, आणि द्यायचेच झाले तर रात्री पायरीवर खोके न ठेवता दिवसा, दार वाजवून, खोडीची पूर्ण यादी सांगून द्यावे. ज्यांच्या आडतीत उंदीर आहेत त्यांनी रिकामी बास्केट घेऊन यावे; बोके तयार आहेत.