प्रोफाइलवाले भाऊ

शिफ्ट सुटली की बुटीबोरीच्या एमआयडीसीतली माणसं घरचा रस्ता धरतात, नाहीतर चौकातल्या टपरीवर तर्री-पोह्याला थांबतात. प्रोफाइलवाले भाऊ यातलं काहीच करत नाहीत. स्कूटरच्या पायदानावर फावडं, कडुनिंबाची दोन रोपं आणि गुंडाळलेला फ्लेक्स घेऊन ते कुठल्यातरी उघड्या प्लॉटकडे निघतात. मागे मुलगी बसलेली. कानात इअरफोन, चेहऱ्यावर समाजसेवेचा कंटाळा.

"प्रोफाइल बनवून राह्यलो ना जी पोरीचं," हे वाक्य त्यांनी कॉलनीत इतक्या दारांत ऐकवलंय, की त्यांचं मूळ नाव आता फक्त वीजबिलावर उरलंय. माणूस मेंटेनन्स खात्यातला. मशीन बंद पडली की कोणता पार्ट नाही ते शोधायचं आणि बसवायचं, ही जन्माची सवय. मुलगी नववीत असताना नागपूरच्या एका कौन्सेलरने त्यांना सांगितलं, की अमेरिकेतल्या कॉलेजांना नुसते मार्क चालत नाहीत, मूल ऑलराउंडर लागतं. भाऊंनी त्याच रात्री मुलीत कोणते पार्ट नाहीत त्याची यादी केली. लीडरशिप नाही. समाजसेवा नाही. वाद्य नाही. खेळात कॅरम आहे, पण तोही आजीसोबत.

अमेरिकेतल्या हजारावर कॉलेजांना चालणारा 'कॉमन अ‍ॅप' नावाचा एकच अर्ज असतो. त्यात उपक्रमांसाठी दहा रकाने, आणि प्रत्येकाच्या वर्णनाला जास्तीत जास्त 150 अक्षरं, मधली मोकळी जागासुद्धा धरून. ही मर्यादा कळल्यापासून भाऊंच्या अंगात संपादक शिरला. घटना अशी, की कॉलनीमागे सात कडुनिंब लावले, त्यातले दोन बकरीने खाल्ले, तीन वाळले. भाऊंच्या वहीत त्याचं झालं, 'औद्योगिक पट्ट्यात हरित अभियानाचं नेतृत्व'. गणपतीत मुलीने प्रसादाचे द्रोण उचलले, ते 'शून्य-कचरा उत्सव व्यवस्थापन'. बकरीला कुठेच जागा मिळाली नाही. खरं पाहता, त्या रोपांचा उपयोग झाला असा लाभार्थी तेवढाच होता.

त्यांचा फ्लेक्स एकदा जवळून बघण्यासारखा आहे. वर मोठ्या अक्षरांत 'भव्य', खाली 'मोहीम'. मधली जागा कोरी, तिथे वेलक्रोची पट्टी. त्या पट्टीवर प्रसंगाप्रमाणे 'वृक्षारोपण', 'प्लॅस्टिकमुक्ती' किंवा 'रक्तदान जनजागृती' चिकटवायचं. एकदा घाईत दोन पाट्या एकीवर एक लागल्या आणि 'भव्य प्लॅस्टिकदान मोहीम' असा फोटो निघाला. तोही पोरीच्या उपक्रमांच्या फाइलमध्ये आहे. भाऊ म्हणाले, "तिकडच्याईले मराठी कुठं समजते?"

आता यात खड्डा कोण खणतं, पाणी कोण आणतं, सरपंचाच्या मागे सहीसाठी कोण फिरतं, हे सांगायला नको. पोरांना समाजसेवेला लावणारी राष्ट्रीय सेवा योजना 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधी शताब्दीच्या वर्षी सुरू झाली. तिच्यात दोन वर्षांत 240 तासांचं काम आणि सात दिवसांचं शिबिर असतं, आणि ब्रीद आहे 'नॉट मी बट यू'. भाऊंच्या मुलीने योजनेत नाव घातलेलं नाही, पण ब्रीद मात्र ती अक्षरशः पाळते. फावडं बापाच्या हातात देते आणि म्हणते, "मी नाही, तुम्ही."

मीच एकदा सुचवलं, की हे असं सुटं सुटं करण्यापेक्षा पोरीला बाबा आमट्यांच्या सोमनाथला पाठवा. दरवर्षी मे महिन्यात तिथे श्रमसंस्कार छावणी भरते, पोरं पहाटे उठून श्रमदान करतात. भाऊ खूश झाले. पहिला प्रश्न, "सर्टिफिकेट भेटते?" दुसरा वहिनींनी आतून विचारला, "मे महिन्यात? चंद्रपुरात? अहो, पोरगी उन्हानं जाईन!" विषय तिथेच मिटला. कौन्सेलरने मग उटीचा एसी हॉटेलातला 'लीडरशिप कॅम्प' सुचवला. त्याची फी ऐकून भाऊच उन्हात उभं राहिल्यासारखे घामाघूम झाले.

तसं सेवेतून प्रवेश हे आमच्याकडे काही नवीन नाही. वर्धा रोडने पुढे गेलं की सेवाग्राम. तिथल्या मेडिकल कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत पूर्वी गांधी विचारांचा वेगळा पेपर असायचा. डॉक्टर व्हायचं म्हणून पोट्टे 'सत्याचे प्रयोग' घोकून जायचे. 'नीट' परीक्षा आली आणि तो पेपर गेला. पण निदान ते पुस्तक तरी वाचून होत होतं. अमेरिकेतली गोष्ट याहून नामी आहे. 1920च्या दशकात हार्वर्डचे अध्यक्ष लॉरेन्स लोवेल यांना वाटायला लागलं, की नुसत्या मार्कांवर ज्यू मुलं फार आत येतात. मग 'चारित्र्य' आणि 'व्यक्तिमत्त्व' यांना भाव आला. म्हणजे ज्या गाळणीतून भाऊ पोरीला आत ढकलताहेत, ती मुळात कोणाला तरी बाहेर ठेवायला बसवली होती. हे मी भाऊंना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे शिफारसपत्र लागनच ना?"

2019 साली तिकडे मोठा घोटाळा उघडकीला आला. श्रीमंत आईबापांनी पैसे मोजून, कधी वल्ह्याला हात न लावलेल्या पोरांना नौकानयनपटू दाखवलं, व्यायामाच्या मशीनवर बसवून फोटो काढले. ही बातमी वाचून भाऊ दिवसभर ताठ मानेने फिरले. "आपण रोपं तर खरी लावली ना बापा!"

गंमत अशी, की पोरगी एक काम खरंच करते. संध्याकाळी त्यांच्या जिन्यात बिहार-यूपीकडचे कंत्राटी कामगार मोबाइल घेऊन बसतात. काम सुटलेलं, पीएफ अडकलेला. कोणाचं आधारवर 'रामप्रवेश' आणि पीएफच्या खात्यात 'रामपरवेश', म्हणून क्लेम परत आलेला. ही पोट्टी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसते, नावाची दुरुस्ती टाकते, 19 नंबरचा फॉर्म भरते आणि ओरडते, "भय्या, ओटीपी बोलो, जल्दी!" इअरफोन तेव्हा गळ्यात लोंबत असतात. मोबदल्यात समोसा. भाऊंना याचा वैताग. कारण या गर्दीमुळे त्यांना स्कूटर काढता येत नाही आणि वृक्षारोपणाला उशीर होतो. मी म्हटलं, हेच लिहा की. तर म्हणाले, "हे कायचं उपक्रम जी? याचा एक फोटो नाही!"

पुढे डॉलरचा भाव आणि भाऊंचा पगार यांची समोरासमोर गाठ पडली आणि अमेरिका आपोआप रद्द झाली. 2024मध्ये आयआयटी मद्रासने खेळाडूंसाठी जागा ठेवल्याचं वाचून त्यांनी आजीचा कॅरम बोर्ड माळ्यावरून काढला होता. पण तिथे राष्ट्रीय पातळीवरचं पदक लागतं, आणि आजीसुद्धा तालुक्याच्या वर कधी गेली नव्हती. शेवटी पोरीने सीईटी दिली आणि नागपुरातच इंजिनीअरिंगला नंबर लागला.

प्रवेशाच्या दिवशी मी सोबत होतो. भाऊंनी खिडकीतून ती फाइल आत सरकवली. मावली नाही, म्हणून उभी करून सरकवली. आतल्या बाबूने पहिलं पान उलटलं, तिसरं उलटलं, मग थेट शेवट बघितला.

"डोमिसाइल कुठं आहे?"

भाऊ घाबरले. डोमिसाइल होतं, पण ते 'भव्य प्लॅस्टिकदान'च्या मागे कुठेतरी अडकलं होतं. नॉन-क्रिमीलेअर तर घरीच राहिलं होतं. मागे रांग वाढत होती. पोरीने इअरफोन काढले, फाइल ओढून घेतली, डोमिसाइल काढून दिलं आणि नॉन-क्रिमीलेअरची प्रत मोबाइलवरून काढून बाबूला दाखवली. मागच्या दोन पालकांनी लगेच आपापले फोन तिच्यापुढे धरले. भाऊ बाजूला उभे राहून रक्तदानाचे फोटो गोळा करत होते.

आता धाकटा सहावीत गेलाय. त्याला भोवरा फिरवण्यापलीकडे काही सुचत नाही. परवा भाऊ वही घेऊन माझ्याकडे आले.

"तुम्ही लिहिता-बिहिता ना जी? पाहा बरं, 'ग्रामीण क्रीडावारशाचं संवर्धन व प्रशिक्षण'. किती अक्षरं झाली?"