सरकती लाल रेघ

आमच्या शाळेत कंडिशनल फॉरमॅटिंग गणिताचे सर करायचे. हातात लाल पेन, पुढ्यात प्रगतिपुस्तकांचा गठ्ठा. 35 च्या खालचा आकडा दिसला की ओढली रेघ. नियम एकच, आणि तो अख्ख्या आळीला पाठ. 34 ला रेघ पडली म्हणून आई कधी सरांशी भांडायला गेली नाही. तिने काय ते घरातच उरकलं.

नियम लावून आकड्यांना रंग देण्याचं ते काम आता एक्सेल आणि पॉवर बीआय ही सॉफ्टवेअर करतात. एक्सेलमध्ये ही सोय 97 च्या आवृत्तीत आली. 2007 च्या आवृत्तीत तिला सिग्नलचे दिवे, बाण आणि रंगांच्या छटा जोडल्या गेल्या आणि हापिसात जी रंगपंचमी सुरू झाली, ती आजतागायत संपलेली नाही.

त्या सिग्नलची गंमत बघा. सेटिंगला हात न लावता तीन दिवे टाकले, तर एक्सेल चांगलं-वाईट बघतच नाही. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आकडा घेतो, मधल्या अंतराचे 33 आणि 67 टक्क्यांवर तीन वाटे करतो. खालचा वाटा लाल, मधला पिवळा, वरचा हिरवा. समजा, वेळेवर पोचलेल्या मालाची टक्केवारी अशी: नाशिक 99, सोलापूर 98, नागपूर 96. सोलापूर पिवळं, नागपूर लाल! शंभरातली 96 खोकी वेळेवर पोचवून नागपूरवाला सोमवारच्या मीटिंगमध्ये मान खाली घालून बसणार. पुढच्या महिन्यात तिघांचंही गाडं घसरलं: 53, 47, 41. तरी 53 वाला हिरवागार! वासरांत लंगडी गाय शहाणी ही म्हण आता सॉफ्टवेअरमध्ये आयतीच मिळते.

दुसरी गंमत. '90 पेक्षा जास्त असेल तर हिरवा' असा नियम लावा आणि एखाद्या चौकोनात आकड्याऐवजी 'माहिती आली नाही' असं टाइप करा. चौकोन हिरवा होतो. एक्सेलच्या लेखी कुठलाही शब्द कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा. आपल्या कचेऱ्यांना हे संगणक यायच्या आधीपासून माहीत होतं.

पण यंत्राला बोल लावून उपयोग नाही. ते सांगितलेलं ऐकतं, इतकंच. खरी कलाकारी मीटिंगमध्ये चालते. एका कंपनीतला हा प्रसंग, कंपनीचं नाव कशाला घ्या. पडद्यावर डॅशबोर्ड, डॅशबोर्डवर लालच लाल.

"हे एवढं लाल का दिसतंय?" साहेब.

"सर, 95 च्या खाली लाल, असा नियम आहे," रिपोर्ट बनवणारी मुलगी.

"कोणी ठरवलं 95?"

"सर, तुम्हीच. एप्रिलमध्ये."

खोलीत एसीचा आवाज तेवढा ऐकू आला. मग साहेब म्हणाले, "तेव्हाची गोष्ट वेगळी होती. 85 करा."

तिने 85 केलं. दोन क्लिक. पडदा हिरवा झाला, कोणीतरी चहा सांगितला. गोदामात अडकलेला माल होता तिथेच होता.

सरांनी 35 ची रेघ 30 वर आणली असती, तर आमची अर्धी बॅच हसतखेळत पास झाली असती. गणित मात्र कोणालाच आलं नसतं.

रंग ही सूचना असते, निकाल नव्हे. चीनच्या शेअर बाजारात तेजी लाल रंगात दाखवतात आणि मंदी हिरव्या. तिथल्या पडद्यावर लाल बघून आपला माणूस छाती धरेल, तिथला माणूस पेढे वाटेल. आणि ज्यांना लाल-हिरवा वेगळा दिसतच नाही, असे पुरुष बायकांपेक्षा कितीतरी जास्त. तुमच्या मीटिंगमध्येही एखादा असेल, बिचारा सगळ्यांबरोबर मान डोलवत असेल.

तेव्हा येत्या सोमवारी एवढंच करा. रिपोर्ट हापिसातल्या जुन्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर काढा. लाल, हिरवा सगळे करडे होतील आणि उरतील नुसते आकडे. ते वाचा. मग विचारा, रेघ कुठे आखलीय, कोणी आखलीय आणि गेल्या महिन्यात ती कुठे होती.