लिफ्टचा खर्च तळमजल्याने का द्यावा?

सार्वजनिक वित्ताच्या विचारात एक जुनी आणि प्रतिष्ठित शाखा आहे, जिला सोयीसाठी काटकसरवाद म्हणावे. सरकारने कर कमी घ्यावेत, खर्च त्याहून कमी करावा, ऋण काढून सण साजरा करू नये, आणि केंद्राने राज्यांना किंवा राज्याने महापालिकांना पैसा वाटताना तो मुळात कोणी कमावला याचे भान ठेवावे, अशी या शाखेची शिकवण असून तिच्यात खोट काढण्यासारखे फारसे काही नाही. भारतात या शाखेला १९५९ साली स्वतंत्र पक्षाच्या रूपाने हक्काचे घर मिळाले, १९६७ च्या लोकसभा निवडणुकीत त्या पक्षाने ४४ जागा जिंकल्या, आणि १९७४ मध्ये तो पक्षच दुसऱ्या पक्षात विलीन झाल्यामुळे ही विचारसरणी बेघर झाली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हे मत दुरुस्त करणे आवश्यक आहे. ती बेघर झालेली नाही. ती ठाण्यात माजिवड्याला राहते, दोन बीएचकेमध्ये, पार्किंगसह.

माजिवडा हे स्थळ या साधनेला विशेष अनुकूल आहे, कारण पूर्व द्रुतगती महामार्ग, घोडबंदर रस्ता आणि नाशिककडे जाणारा महामार्ग येथे एकत्र येतात आणि त्या संगमात अडकलेल्या मोटारीत साधकाला चिंतनासाठी पुरेसा, किंबहुना सक्तीचा, एकांत मिळतो. ‘आपण भरतो तो कर जातो कुठे’ हा या संप्रदायाचा मूलमंत्र असून तो बहुधा सिग्नलपाशी, म्हणजे उड्डाणपुलाच्या सावलीत आणि वडाळा-कासारवडवली मेट्रोच्या खांबांकडे पाहत जपला जातो. शेजारच्या कापूरबावडीहून भिवंडीमार्गे कल्याणला निघणाऱ्या मेट्रोचा मंजूर खर्च ८,४१६ कोटी रुपये, ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्य केलेल्या ठाण्याच्या २९ किलोमीटरच्या वर्तुळाकार मेट्रोचा १२,२०० कोटी, आणि मानपाड्याच्या बाजूने डोंगराच्या पोटातून बोरिवलीकडे जाणाऱ्या जुळ्या बोगद्याचा सुमारे १६,६०० कोटी. एवढा पैसा घरापासून रिक्षाच्या अंतरात ओतला जात असतानाही जपात खंड पडत नाही, कारण संप्रदायाच्या कोशात या रकमांना खर्च म्हणत नाहीत, विकास म्हणतात. खर्च ही संज्ञा गडचिरोलीतल्या रस्त्यासाठी राखून ठेवलेली आहे, आणि रेवडी ही संज्ञा त्याहूनही लांबच्या ठिकाणासाठी, म्हणजे रोज सकाळी घरी धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईच्या बँक खात्यासाठी.

रेवडी या शब्दाला पारिभाषिक दर्जा मिळाला तो १६ जुलै २०२२ रोजी, जेव्हा पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी उत्तर प्रदेशात जालौन येथे बुंदेलखंड द्रुतगती मार्गाच्या उद्घाटनाच्या भाषणात, मतांसाठी फुकट वाटप करण्याच्या प्रथेला ‘रेवडी संस्कृती’ म्हटले. माजिवड्यात या शब्दाचे स्वागत वेदवाक्यासारखे झाले. पुढे दोन वर्षांच्या आतच, २८ जून २०२४ रोजी, पंतप्रधानांचाच पक्ष ज्यात सर्वांत मोठा घटक होता अशा राज्य सरकारच्या वतीने तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर केली, जिच्यात अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील महिलांना दरमहा १,५०० रुपये मिळायचे होते आणि जिच्यासाठी वर्षाला ४६,००० कोटी रुपये लागतील असा अंदाज होता. धर्मग्रंथ आणि धर्मगुरू यांच्यात असा विसंवाद उद्भवला की प्रत्येक संप्रदायाला भाष्यकाराची गरज भासते. माजिवड्यातील भाष्यकारांनी यातून काढलेली वाट शास्त्रशुद्ध होती: पैसे सरकार देत नाही, बायका घेतात, असे मानले की उधळपट्टीचा दोष देणाऱ्याकडून घेणारीकडे जातो आणि मत व मन दोन्ही शाबूत राहतात.

येथे संप्रदायावर अन्याय होऊ नये म्हणून आकडे नोंदवले पाहिजेत. २०२५-२६ च्या राज्य अर्थसंकल्पात ४५,८९१ कोटी रुपयांची महसुली तूट दाखवली होती, म्हणजे पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदाने हा रोजचा प्रपंचही रोजच्या कमाईत भागत नव्हता. राजकोषीय तूट, म्हणजे वर्षभराचे सगळे व्यवहार पार पाडण्यासाठी काढावे लागणारे नवे कर्ज, १,३६,२३५ कोटींची होती. आणि साठलेले कर्ज ९ लाख कोटींच्या पलीकडे जाणार होते. राजकोषीय तूट राज्याच्या एकूण उत्पादनाच्या ३ टक्क्यांच्या आत ठेवण्याचे बंधन पाळले गेले असले तरी बंधन पाळणे आणि घर सावरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि काटकसरवाद्याची याबद्दलची चिंता मुळीच हास्यास्पद नाही. हास्यास्पद भाग नंतर सुरू होतो. त्याच अर्थसंकल्पात ३० लाखांहून महागड्या विजेवरच्या मोटारींवर ६ टक्के कर सुचवला होता. ही तूट भरणार कशी असा प्रश्न राज्यभर विचारला जात असताना तो कर त्याच महिन्यात मागे घेतला गेला, आणि त्याबद्दल तुटीच्या चिंताग्रस्तांपैकी कोणी हळहळल्याचे ऐकिवात नाही.

संप्रदायाच्या आचारधर्माचा गाभा मात्र अर्थसंकल्पात सापडत नाही, तो दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सापडतो. ठाण्यात घर विकत घेताना मुद्रांक शुल्क, म्हणजे दस्त कायदेशीर ठरावा म्हणून सरकारला द्यावयाची रक्कम, ७ टक्के पडते: ५ टक्के मूळ, १ टक्का स्थानिक संस्था कराच्या नावाने आणि १ टक्का मेट्रोचा अधिभार. (जकात जाऊन आलेला स्थानिक संस्था कर ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांपुरता रद्द झाला, पण दस्तावर तो त्याच नावाने तग धरून आहे, करांना पुनर्जन्म असतो, मोक्ष नसतो.) या शुल्कात १ एप्रिल २०२१ पासून महिला खरेदीदारांना १ टक्का सवलत आहे. काटकसरवादी गृहस्थ म्हणूनच दीड कोटीचे घर पत्नीच्या नावे घेतो आणि दीड लाख रुपये वाचवतो. दीड लाख म्हणजे १,५०० रुपयांचे बरोबर १०० हप्ते. स्वयंपाकघरातल्या बाईला जी रक्कम आठ वर्षे चार महिने, दर वेळी आधार जोडून, पडताळणीच्या रांगेत उभे राहून आणि या महिन्याचा हप्ता आला का हे विचारत विचारत मिळाली असती, ती दिवाणखान्यातल्या बाईला एका सहीत मिळते, उत्पन्नाची अट नसते, आणि या लाडकेपणाला कोणी लाडके म्हणत नाही. सुरुवातीला हे घर पंधरा वर्षे पुरुषाला विकायचे नाही अशी एक अट होती. तीही २०२३ मध्ये निघाली.

या व्यवहारातील तत्त्व सार्वजनिक वित्ताच्या परिभाषेत ‘सोडून दिलेला महसूल’ या नावाने ओळखले जाते. सरकारने दिलेला रुपया आणि सरकारने न घेतलेला रुपया तिजोरीच्या दृष्टीने सारखाच. पण पहिला हातात पडताना दिसतो आणि दुसरा खिशातून न जाताना दिसत नाही, म्हणून पहिल्याला भीक आणि दुसऱ्याला हक्क म्हणण्याची सोय होते. फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नव्या करप्रणालीखाली १२ लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त झाले, तेव्हा अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी त्यापायी सुमारे १ लाख कोटींचा प्रत्यक्ष कर सोडून द्यावा लागेल असे सांगितले होते. माजिवड्यात त्या संध्याकाळी रेवडी हा शब्द कोशातून उसना गेला होता.

टोलचे उदाहरण तर पाठ्यपुस्तकात घालावे असे आहे. वापरेल त्याने भरावे, हे काटकसरवादाचे आद्य सूत्र. त्यानुसार लोकलचे भाडे वाढले पाहिजे आणि सरकारी रुग्णालयात केसपेपरचे पैसे घेतलेच पाहिजेत. मुंबईतील उड्डाणपुलांच्या खर्चासाठी शहराच्या पाच प्रवेशद्वारांवर टोल घेतला जात असे, आणि ठाण्याहून आनंदनगर नाका ओलांडणाऱ्या मोटारीला ४५ रुपये द्यावे लागत. सूत्राचे इतके निर्मळ उदाहरण शोधून सापडले नसते. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने हलक्या वाहनांना हा टोल माफ केला, आणि दुसऱ्याच दिवशी विधानसभा निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाला. बुडालेल्या वसुलीची भरपाई ठेकेदाराला रोखीने द्या नाहीतर मुदतवाढीने द्या, ती सार्वजनिक पैशातूनच होते, आणि त्या पैशात साबणाच्या वडीवर वस्तू व सेवा कर भरणाऱ्या धडगावच्या बाईचाही वाटा असतो. तिने आनंदनगर नाका पाहिलेला नसणार, परंतु अर्थशास्त्राला प्रत्यक्ष दर्शनाची अट नाही. संप्रदायाचे मत या प्रसंगी असे पडले की टोल ही लूटच होती.

व्यवसाय कराबद्दल एवढेच सांगून पुढे जाता येईल की, १९७५ च्या कायद्याने तो आला तो रोजगार हमी योजनेसाठी, म्हणजे १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांची मजुरी शहरातल्या पगारदाराने उचलावी म्हणून. घटनेनेच त्यावर वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे, आणि ती गाठण्यासाठी दरमहा २०० व फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात. सर्वांत कमी दिवसांच्या महिन्यात सर्वांत जास्त कर, हा अन्याय मात्र संप्रदायाने अचूक हेरला आहे.

आता संघराज्याचा प्रश्न. केंद्राने गोळा केलेल्या करांपैकी जो भाग राज्यांशी वाटून घ्यायचा त्याला विभाज्य निधी म्हणतात. उपकर आणि अधिभार त्यात धरले जात नसल्यामुळे केंद्राला त्यांचा लळा अधिक. पंधराव्या वित्त आयोगाने या निधीतील ४१ टक्के राज्यांना दिले आणि त्या ४१ टक्क्यांपैकी महाराष्ट्राच्या वाट्याला ६.३१७ टक्के आले, तर देशाच्या प्रत्यक्ष करांपैकी एक तृतीयांशाहून अधिक रक्कम महाराष्ट्रातून गोळा होते. कंपन्यांची मुख्यालये मुंबईत असल्यामुळे हा आकडा फुगतो, हे मान्य करूनही तक्रारीला जागा उरतेच. केंद्र आणि प्रांत यांच्यातील या ओढाताणीचा इतिहास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रांतिक वित्तावरील ग्रंथात मांडला, म्हणजे प्रश्न निदान शंभर वर्षे जुना आहे. माजिवडा संप्रदायाने त्यात घातलेली भर अशी की त्याने हा युक्तिवाद दिल्लीत थांबू दिला नाही. महाराष्ट्राचा पैसा बिहारला का, येथून निघालेला तर्क मुंबई-ठाण्याचा पैसा मराठवाड्याला का, या स्थानकावर क्षणभर थांबतो, तेथून माजिवड्याचा पैसा दिव्याला का, येथे पोहोचतो, आणि अखेरीस गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत येऊन विसावतो, जेथे तळमजल्याचे सभासद उठून विचारतात की लिफ्टचा खर्च तळमजल्याने का द्यावा.

हा प्रश्न क्षुल्लक समजू नये. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सहकार खात्याने गृहनिर्माण संस्थांसाठी घालून दिलेल्या नियमांनुसार, लिफ्टच्या देखभालीचा खर्च इमारतीतील सर्व सभासदांवर सारखाच पडतो, मग कोणी ती वापरो अथवा न वापरो. बाविसाव्या मजल्यावरील काटकसरवादी, जो बिहारच्या प्रश्नावर ज्याने कमावले त्याचे असा कौल देऊन आलेला असतो, तो या मुद्द्यावर सामाजिक ऐक्य, सामूहिक मालमत्ता आणि दुर्बल घटकांबद्दलचे कर्तव्य यांवर जे भाषण करतो ते कोणत्याही वित्त आयोगाने परिशिष्टात छापावे.

संस्थेचा कारभार हातात आला की काटकसरवादाची उरलीसुरली परीक्षाही होते, कारण गृहनिर्माण संस्था हे असे राज्य आहे जेथे हा संप्रदाय प्रत्यक्ष सत्तेवर असतो. तेथे सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का, दुरुस्ती निधी किमान पाऊण टक्का, भाडेकरू ठेवणाऱ्याकडून सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क, आणि थकबाकीवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत व्याज, अशी करआकारणी बिनबोभाट चालते. महापालिका मालमत्ता करावर दरमहा २ टक्के शास्ती लावते तेव्हा तिला सावकारी म्हणणारे खजिनदार संस्थेच्या थकबाकीदारांची नावे नोटीस फलकावर लावताना हळवे होत नाहीत. महापालिकेने अभय योजना, म्हणजे शास्तीची माफी, जाहीर केली की मात्र पहिल्या दिवशी रांगेत असतात. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मुंबईत २०२२ मध्ये मालमत्ता कर माफ झाला आणि ठाण्यात सामान्य करापुरती सवलत आली, तेव्हा या सवलतींना संप्रदायाचा विरोध तात्त्विक होता. ५०१ व्या चौरस फुटापासून तत्त्व सुरू होते.

अशा संस्थेच्या सभेचे इतिवृत्त, म्हणजे झालेल्या चर्चेची अधिकृत नोंद, सहसा एका ठरावाने पूर्ण होते. आवारात पेव्हर ब्लॉक आणि बाकडी आमदार निधीतून बसवून मिळावीत, उन्हाळ्यात टँकरचा खर्च महापालिकेने सोसावा आणि मेट्रोच्या कामामुळे झालेल्या त्रासाबद्दल सभासदांना मालमत्ता करात सूट द्यावी, असे तीन भाग असलेला तो ठराव तळमजल्यासह सर्वांच्या संमतीने मंजूर होतो. त्याची एक प्रत महापालिकेला जाते, एक आमदारांच्या कार्यालयात जाते, आणि तिसरी कार्यालयातील कपाटात, करदात्यांच्या पैशाची उधळपट्टी थांबवा या मथळ्याचे गेल्या महिन्यातले निवेदन ज्या फाइलीत आहे, त्याच फाइलीत लावली जाते, कारण दुसरी फाइल घेणे हा अनावश्यक खर्च ठरला असता.