टोपीवरचं सोळावं शतक

अमेरिकेतल्या 'रेनेसाँ फेअर'मध्ये शनिवार-रविवारी सोळावं शतक भरतं. पहिली जत्रा 1963 साली लॉस एंजेलिसमध्ये भरली, तीही केपीएफके या रेडिओ केंद्रासाठी पैसे उभे करायला. म्हणजे चणचण या धंद्याच्या पत्रिकेतच आहे.

तलवार गिळणारे, जळते पलिते झेलणारे असे बरेच कलाकार इथे टोपीवर जगतात. मानधन मिळालंच तर नाममात्र. बाकी खेळ झाल्यावर टोपी फिरवायची. त्यामुळे खेळातला खरा अवघड भाग पलित्यांचा नव्हे, पैसे मागण्याच्या भाषणाचा. ते शेवटच्या करामतीच्या आधीच उरकावं लागतं, कारण करामत संपली रे संपली की प्रेक्षकाला टर्कीची तंगडी आठवते. तिच्यासाठी तो रांगेत उभा राहून हसत पैसे मोजतो. पोटात तलवार घालणाऱ्याला मात्र एका डॉलरची नोट, तीही दोन चिकटल्या नाहीत ना हे बघून. हल्ली टोपीशेजारी क्यूआर कोडही असतो. सोळाव्या शतकातल्या राणी एलिझाबेथची हरकत नसावी.

मखमली अंगरखा स्वतःच्या खर्चाने, पेट्रोल स्वतःचं, मुक्काम मैदानामागे व्हॅनमध्ये. पाऊस आला की टोपीत फक्त पाणी.

तरी अस्सलपणाला तोड नाही. इंग्लंडच्या 1572 च्या कायद्याने उमरावाचा आश्रय नसलेले नट उडाणटप्पू ठरवले होते. शिक्षा चाबकाचे फटके, वर कानाला डागणी. आता तसलं काही नाही. आता नुसता 15.3 टक्के स्वयंरोजगार कर, आयकर वेगळा, आणि दोन्ही वर्षातून चारदा आगाऊ.